लेथवर पोकळ लाकडी भांडी कातायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळच्या बाजूला, घरामागच्या पडवीत माझा लेथ आहे, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र. शनिवार-रविवारी दोन-तीन जण शिकायला येतात, कधी कुणी फक्त बघायला येतं. सगळ्यांच्या तोंडी फिरून फिरून तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी सुतार घराण्यातला नाही. जे कळलं ते लाकूड फोडून, बोटं सोलून आणि सावंतवाडीच्या एका जुन्या कातारी काकांच्या शेजारी बसून कळलं.

पोकळ भांडं म्हणजे नेमकं काय? वाडगाही पोकळच असतो ना?

असतो, पण वाडग्याचं तोंड उघडं असतं. हत्यार कुठे लागतंय ते वरून दिसतं. तांब्या, गडू, सुरई डोळ्यांसमोर आणा. पोट मोठं, गळा आवळलेला, तोंड लहान. असा आकार लाकडात काढायचा, तर त्या लहान तोंडातून हत्यार आत घालून पोट पोखरावं लागतं, आणि हत्याराचं टोक तुम्हाला दिसत नाही. सगळी गंमत आणि सगळी भीती यातच आहे.

तबल्याचं खोड हा आपल्या ओळखीचा मधला प्रकार. तेही कातलेलं आणि आतून पोखरलेलं असतं. पण त्याचं तोंड रुंद आणि खालचा बराच भाग भरीव, त्यामुळे काम तुलनेनं सोपं. चिंचोळ्या तोंडातून पातळ भिंतीची भांडी काढण्याची आजची पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेत बहरली. डेव्हिड एल्सवर्थ यांनी वाकडी हत्यारं घडवून ती रूढ केली. १९८६ साली तिथल्या कातकाम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष तेच.

मला थेट तांब्याच करायचा आहे. चालेल?

नाही. पहिलं लाटणं करा.

चेष्टा नाही करत. लाटण्यात पटाशी आणि गाउज (पन्हाळीसारख्या पात्याचं हत्यार) कशी टेकवायची, कड कशी घासत न्यायची, हे कळतं. मग भोवरा, कारण त्यात वळण येतं आणि तो फिरला नाही तर खोट लगेच उघडी पडते. मग कुंकवाचा करंडा. करंडा हे पोकळ कामातलं पहिलं पाऊल: उभ्या तंतूंच्या लाकडात (म्हणजे तंतू लेथच्या अक्षाच्या दिशेनं) आत शिरायचं, झाकण घट्ट बसवायचं आणि दोन इंचांपेक्षा खोल जायचं नाही. मग वाडगे, निदान आठ-दहा. त्यानंतर असं भांडं, ज्याचं तोंड पोटाच्या निम्मं तरी आहे. चिंचोळी सुरई सगळ्यात शेवटी.

इंटरनेटवर पाहून पहिल्याच आठवड्यात सुरईला हात घालणारे येतात. त्यातले बहुतेक दुसऱ्या महिन्यात लेथ विकायला काढतात. (एक लेथ मी असाच स्वस्तात घेतलाय, तक्रार नाही.)

लेथ कसला घ्यावा?

जड. मोटर किती हॉर्सपॉवरची हे नंतर, आधी वजन. हलका लेथ असेल तर त्याच्या बेडखालच्या, म्हणजे आडव्या सांगाड्याखालच्या कप्प्यात वाळूच्या गोणी टाका. वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच, पट्टा बदलून असो की इलेक्ट्रॉनिक, आणि कमीत कमी वेग मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांच्या आसपास उतरायला हवा. हेडस्टॉकची (लाकूड फिरवणाऱ्या टोकाची) बेअरिंगं ढिली असतील, तर बाकी काहीही चांगलं असून उपयोग नाही. स्पिंडल, म्हणजे तिथला फिरणारा दांडा, हातानं वर-खाली ढकलून पाहा. जरा जरी खडखडलं, तरी पुढच्या दुकानात जा.

लेथला जेवढे पैसे लागतील, तेवढेच चक (लाकूड पकडणारे जबडे), हत्यारं, ग्राइंडर आणि तोंडावरच्या ढालीला लागतील, असं धरून चला. हे दुकानदार सांगत नाहीत.

पोखरायची हत्यारं विकत घ्यावीत की करावीत?

बाहेरचा आकार काढायला वाडग्याची गाउज, पार्टिंग टूल (तुकडा वेगळा कापायचं अरुंद हत्यार) आणि एक जाड स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) पुरतं. ही विकत घ्या. एक सूचना: खांब गोल करायची जी रुंद, पन्हाळीसारखी गाउज असते, ती आडव्या तंतूंच्या (तंतू अक्षाला काटकोनात असलेल्या) वाडग्यावर कधीही लावू नका. तिची मुठीकडची शेपटी पातळ असते आणि हत्यार लाकडात अडकून झटका बसला की तिथूनच मोडते.

आतली हत्यारं मात्र करता येतात, आणि मी तर करावीतच म्हणेन. एम.आय.डी.सी.जवळच्या कुठल्याही टूल्सच्या दुकानात हायस्पीड स्टीलची चौकोनी टूलबिट मिळते. लोखंड कातणारे टर्नर वापरतात तीच. ५ मि.मी.ची घ्या. लोखंडी दांड्याच्या टोकाला भोक पाडून ती आत बसवा, बाजूनं बिनडोक्याच्या स्क्रूनं आवळा, टोक घासून अर्धगोल करा. झालं हत्यार. एक सरळ आणि एक वाकडं, एवढ्या दोन हत्यारांवर मी पहिली चार वर्षं काढली.

दांड्याच्या जाडीबाबत कंजुषी नको. १२ मि.मी.चा दांडा टेकूच्या (हत्यार ज्यावर ठेवतात त्या आधाराच्या) पुढे चार-पाच इंचांपर्यंत ठीक, त्यापुढे तो थरथरतो. २० मि.मी.चा आठ-दहा इंच निभावतो. आणि टेकूच्या पुढे जेवढा दांडा आत गेलाय, त्याच्या निदान तिप्पट-चौपट तुमच्या बाजूला हवा. ही साधी तरफ आहे. विहिरीवरच्या ओकतीसारखी, पाणी उपसायच्या आडव्या दांड्यासारखी: तुमची बाजू लांब असेल तर टोकाकडचं ओझं जाणवत नाही, आखूड असेल तर लाकूड तुम्हाला उचलतं.

वाकड्या हत्याराचा एक स्वभाव असतो. त्याचं टोक दांड्याच्या रेषेबाहेर असतं, त्यामुळे लाकूड लागताच दांडा हातात पिळला जातो. म्हणून टेकूवर नेहमी दांड्याचा सरळ भागच ठेवायचा, बाक कधीच नाही. बाक टेकूच्या आत पूर्ण शिरेपर्यंत लेथ चालू करू नका.

बदलायच्या कार्बाइड पात्यांची हत्यारं हल्ली मिळतात. धार लावायची कटकट वाचते हे खरं, पण पृष्ठभाग थोडा ओरबाडलेला राहतो. नवशिक्यानं वापरायला हरकत नाही. धार लावणं मात्र त्यामुळे टळत नाही, बाहेरच्या गाउजला ती लागतेच.

धार किती वेळा लावायची?

तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट. भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली. धार असेल तर ओल्या लाकडातून शेव पडते, अक्षरशः फरसाणातल्यासारखी, लांब आणि लवचीक. ग्राइंडर आठ इंची, शक्यतो १४४० फेऱ्यांचा, पांढरा ८० नंबरचा दगड. हायस्पीड स्टील तापून निळं पडलं तरी नुकसान फारसं नाही, पण गरम पातं पाण्यात बुचकळू नका, कडेला बारीक भेगा पडतात. जुन्या कार्बन स्टीलच्या पटाश्यांचं याच्या उलट. त्या निळ्या पडल्या की मऊ झाल्या, म्हणून त्यांना सारखं पाणी दाखवायचं.

लाकूड कुठलं?

लोक सागवान घेऊन येतात. घरात दरवाजाचा तुकडा उरलेला असतो. सागवान कातलं जातं छान, पण त्यात सिलिका असते, धार बघता बघता उतरते. शिवाय त्याची धूळ नाकाला झोंबते. शिकायला ते नको.

आमच्याकडे पहिली पसंती फणसाला. रंग हळदीसारखा पिवळा, उजेडात राहून वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतो. तंतू फारसे दगा देत नाहीत. ओला फणस कातताना मात्र चीक निघतो, तो टेकूवर चिकटला की हत्यार अडखळत सरकतं. उपाय घरात आहेच: गरे काढताना हाताला लावतो तेच खोबरेल टेकूला आणि हत्याराला चोळा.

आंबा स्वस्त, मुबलक आणि मऊसर. पावसाळ्यात पडून राहिला तर त्यावर बुरशीच्या काळ्या रेषा उमटतात. पूर्वी असं लाकूड जळणात जायचं. कातणारे आता त्यासाठी भांडतात, कारण भांड्यावर त्या रेषा शाईनं काढल्यासारख्या दिसतात. फक्त नखानं दाबून पाहा. नख रुतलं तर ते लाकूड कुजलंय, सुंदर नाही.

जांभूळ आणि बाभूळ कठीण, पण कातल्यावर चकाकी देतात. चिंचेचा गाभा बघण्यासारखा असतो, मात्र हत्यारं रोज धारेला लागतील. शहरात असाल तर रस्त्याकडेच्या वर्षावृक्षाच्या तोडलेल्या फांद्या मिळतात का बघा, शिकायला छान. पांगारा अगदी हलका आणि मऊ. सावंतवाडीची खेळणी आणि लाकडी फळं त्याची होत आली आहेत, पण पातळ भिंतीच्या पोकळ भांड्याला तो फार भुसभुशीत पडतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर ज्या लाकडाला आले मारा म्हणतात, ते म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा. बारीक पोताचं, पांढरं, लहान डब्यांना सुरेख.

बिब्ब्याचं लाकूड हातात घेऊ नका. त्याच्या रसानं अंग फुटतं हे कोकणात पोरासोरांना ठाऊक आहे, शहरातून आलेल्याला नसतं. काजऱ्याचं लाकूडही भांड्यांसाठी नको, झाड विषारी आहे.

झाड तोडायला परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्रात १९६४चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन अशी यादीतली झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परस्पर तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५चा वेगळा कायदा आहे. पण तुम्हाला झाड तोडायचं नाहीच आहे. वादळात पडलेलं, फांदी छाटलेली, जळाऊ लाकडाच्या वखारीत आलेलं, यातूनच वर्षभराचं काम निघतं. वखारवाल्याशी ओळख वाढवा. फाट्यावर जिथे फांदी फुटते तो भाग तो तुम्हाला आनंदानं देईल, कारण तो कुऱ्हाडीला दाद देत नाही. कातल्यावर तिथलंच लाकूड सर्वांत देखणं निघतं.

ओलं लाकूड कातायचं की सुकलेलं?

दोन्ही, पण हिशेब वेगळा. या प्रश्नावर मी जितकी भांडी घालवली, तितकी झटक्यांनीही नाही घालवली.

लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या दिशेनं ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल कातलेलं भांडं सुकल्यावर किंचित लंबगोल होतं. जाड भिंतीला हा ताण सोसवत नाही, ती तडकते. पातळ आणि सगळीकडे सारख्या जाडीची भिंत वाकते, पण फुटत नाही.

यातून दोन रस्ते निघतात. पहिला: ओल्यात ओबडधोबड कातून ठेवायचं, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची. आठ इंची भांड्याला साधारण २० मि.मी. मग बाहेरून, विशेषतः जिथे तंतूंची टोकं उघडी आहेत तिथे मेण चोपडून, कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवायचं. पुन्हा हात लावायचा तो तीन ते सहा महिन्यांनी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून पेन्सिलीनं बुडावरच लिहा. वजन उतरायचं थांबलं की सुकलं. तुमच्या-माझ्या अंदाजापेक्षा काटा खरा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वजन हलतच नाही, उलट एखादं भांडं दोन ग्रॅम वाढतं. देशावर चार महिन्यांत होणारं काम इथे आठ महिने घेतं.

दुसरा रस्ता: ओल्यातच एका दमात शेवटपर्यंत, ५-६ मि.मी. भिंत होईपर्यंत कातायचं आणि जे वाकेल ते वाकू द्यायचं. चिंचोळ्या तोंडाच्या भांड्यांना मला हाच आवडतो, कारण झाकण बसवायचं नसतं आणि थोडा वाकडेपणा शोभतो. अट एकच: काम मध्येच सोडून जेवायला जायचं नाही. जावंच लागलं, तर भांडं त्याच्याच ओल्या भुश्श्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जा.

आणि झाडाचा मधला बिंदू, गाभ्याची दोरी, भांड्याच्या भिंतीत येऊ देऊ नका. ओंडका मधोमध चिरा आणि ती दोरी काढून टाका. ती राहिली की तडा तिथूनच सुरू होतो.

लाकूड लेथवर पकडायचं कसं?

आधी दोन टोकांत धरून गोल करा. मग एका टोकाला चकसाठी खुंटी काढा: व्यास भांड्याच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढा, लांबी ६ ते १० मि.मी. खुंटीचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. भार पेलायचा तो खुंटीभोवतीच्या सपाट खांद्यानं, तो चकच्या जबड्यांवर चपखल बसला पाहिजे. सहा इंचांपेक्षा खोल काम असेल तर चकवर विसंबू नका, लांब स्क्रूंनी फेसप्लेट (लोखंडी तबकडी) लावा किंवा भांड्याला मधे चाकांचा आधार द्या. भिंतीत बसवायचे काळे स्क्रू फेसप्लेटला वापरू नका, ते वाकत नाहीत, तुटतात.

वेग किती?

इंचातला व्यास गुणिले फेऱ्या, उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान. म्हणजे सहा इंची भांड्याला १,००० ते १,५००. ओंडका अजून ओबडधोबड असेल तर याच्या बराच खालून सुरुवात. लेथ थरथरला की वेग कमी करायचा. सुरू करण्याआधी वेगाचा काटा कुठे आहे बघायची सवय लावा. आदल्या दिवशी लाटण्यासाठी २,००० वर ठेवलेला असतो.

प्रत्यक्ष पोखरायचं कोणत्या क्रमानं?

बाहेरचा आकार आधी, पूर्ण. बुडाकडे मात्र भरपूर लाकूड राहू द्या, भांड्याला आत्ता तेच तोलून धरतं.

मग मधोमध भोक. गिरमिटाच्या दांड्याला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. आतला तळ जिथे हवा, त्याच्या सेंटिमीटरभर आधी थांबा. हे भोक दोन कामं करतं: किती खोल जायचं ते सांगतं, आणि जिथे लाकूड जवळजवळ फिरतच नाही तो मध्यबिंदू आधीच मोकळा करतं.

आता सरळ हत्यारानं भोक रुंद करत जा. उभ्या तंतूंच्या लाकडात आत काम करताना मधून बाहेर, भिंतीकडे कापायचं. आडव्या तंतूंच्या वाडग्यात उलट, काठाकडून मध्याकडे. हा फरक एका शिकणाऱ्यानं मला तीनदा विचारला, तेव्हा मी दोन झाडू मागवले. एक उभा धरला, एक आडवा, आणि काड्यांवरून हात फिरवायला लावला. ज्या दिशेनं काड्या निजतात ती दिशा बरोबर, ज्या दिशेनं विस्कटतात ती चूक.

मग वाकडं हत्यार, खांद्याच्या आतल्या बाजूला. आणि इथे महत्त्वाची गोष्ट: वरचा तिसरा हिस्सा आधी पूर्ण करायचा, शेवटच्या जाडीपर्यंत. मग मधला. मग तळ. पुढे गेल्यावर मागे यायचं नाही. खालचं लाकूड भरीव असतं तोवर वरच्या भिंतीला आधार असतो. तळ पोखरून झाल्यावर वरची भिंत कागदासारखी थरथरते. ओलं असेल तर तासाभरात ती वाकलेलीही असते, मग हत्यार एका बाजूला लागतं आणि दुसऱ्या बाजूला हवेत.

हत्याराचं टोक मध्यरेषेवर किंवा किंचित वर ठेवा. आतून कापताना टोक मध्यरेषेच्या खाली असलं आणि दबलं, तर ते भिंतीत घुसतं. वर असलं आणि दबलं, तर भिंतीपासून सुटतं.

दर मिनिट-दोन मिनिटांनी लेथ बंद करून भुसा बाहेर काढा. ओला भुसा आत दाबून बसतो, हत्यार जखडतं, आणि मग जे होतं त्याला अपघात म्हणतात. फुंकून काढणार असाल तर डोळे मिटून फुंका. मी एकदा उघड्या डोळ्यांनी फुंकलं होतं.

आत दिसत नाही. मग भिंत किती उरली ते कळतं कसं?

मोजून, उजेडानं आणि कानानं.

मोजायला जाड तार वाकवून एक आकडा करा: एक टोक आत, दुसरं बाहेर, दोन्हींत ठरावीक फट. भिंतीवर तार टेकवली की जी फट उरते, तिच्यावरून जाडी कळते. पाच मिनिटांत होतो आणि दुकानातल्या कॅलिपरपेक्षा चिंचोळ्या तोंडात बरा शिरतो. मोजताना लेथ बंद, हे सांगायला नको. तरी सांगतोच.

पांढऱ्या, ओल्या लाकडात उजेड उपयोगी पडतो. पडवीतला दिवा मालवून आत छोटा एल.ई.डी. सोडला की पातळ भाग आकाशकंदिलासारखा उजळतो आणि जाड भाग काळा राहतो. गडद लाकडात हे जमत नाही.

पण या दोन्हींसाठी लेथ थांबवावा लागतो. चालू लेथवर सांगणारा एकटा कानच. जाड भिंत कापताना आवाज घरघरीत, मुका असतो. भिंत पातळ होत गेली की तो मोकळा होत जातो, गळ्याशी एक, पोटाशी दुसरा. मी शिकत होतो तेव्हा रेडिओ लावून काम करायचो. कातारी काकांनी एक शब्द न बोलता उठून तो बंद केला आणि म्हणाले, "वायच थांब. आवाज आयक." त्या दिवशी त्यांनी मला दुसरं काही शिकवलं नाही. मला वाटलं, म्हातारा आज कंटाळलाय.

काही लोक हत्याराला जोडलेला लेसर किंवा कॅमेरा आणि पडदा वापरतात. दांडा एका चौकटीत अडकवलेला असतो, पिळत नाही, आणि पडद्यावर टोक कुठे आहे ते दिसतं. मोठ्या आणि महागड्या कामाला उत्तम. पण शिकताना त्याच्या मागे लागलात तर कान तयार होत नाही, असं माझं मत आहे. वाद घालायला या, चहा पाजेन.

कापताना मधेच 'टक टक' असा आवाज येतो. काय असेल?

तडा. लेथ बंद करा. आत्ता. नखानं वाजवून बघण्यासाठीसुद्धा चालू ठेवू नका. बारीक तडा असेल तर पातळ सुपरग्लू सोडून, सुकवून, कमी वेगानं पुढे जाता येतं. भिंतीच्या आरपार गेला असेल तर त्या भांड्याला नमस्कार करा.

सुरक्षिततेचं काय?

तोंडावर पूर्ण ढाल, नुसता चष्मा नाही. लेथ सुरू करताना लाकडाच्या समोरच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला. हातमोजे नाहीत. ओढणी, पदर, गळ्यातली चेन, बांगड्या, अंगठी, मोकळे केस, लुंगीचा सोगा, सगळं आवरलेलं किंवा काढलेलं. फिरत्या भांड्याच्या तोंडात बोट घालायचं नाही. पॉलिश पेपर धरूनही नाही, कापड गुंडाळून तर मुळीच नाही. आतून घासायचंच असेल तर पेपर काठीला लावा.

धुळीसाठी एन-९५ मास्क. शिसवाच्या जातीतल्या लाकडांची धूळ काहींना त्वचेवर आणि छातीत त्रास देते, आणि हा त्रास पहिल्या दिवशी नाही, दोन वर्षांनी सुरू होऊ शकतो.

माझी भांडी बेढब का दिसतात?

कारण तुम्ही लाकूड वाचवताय. ओंडक्याचा पूर्ण व्यास टिकवण्याच्या नादात पोट मधोमध येतं आणि भांडं पिंपासारखं दिसतं. घरातला जुना पितळी तांब्या टेबलावर ठेवा आणि त्याच्या कडेची रेषा नुसती पाहा. पोट कुठे सर्वांत रुंद आहे, खांदा कुठे वळतो, गळ्याशी रेषा कशी उलटी फिरते. कुठेही ती सरळ किंवा सपाट होत नाही. तांबट आळीत हे पिढ्यान्‌पिढ्या हातोडीनं ठरलेलं आहे, आपण नव्यानं शोधायची गरज नाही. बूड व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं किंवा त्याहून थोडं लहान ठेवा. रुंद बुडाचं भांडं जमिनीला चिकटल्यासारखं दिसतं.

बुडाखालची खुंटी कशी काढायची?

टाकाऊ लाकडाची गोल खुंटी चकमध्ये कातून, तिच्यावर कापडाचा तुकडा ठेवून भांडं पालथं बसवा, मागून टेलस्टॉकनं (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारानं) हलकं दाबा आणि बूड कातून घ्या. मधे बोराएवढा तुकडा उरतो, तो पटाशीनं उडवा. बूड किंचित आत घेतलेलं असू द्या, म्हणजे टेबलावर डुगडुगणार नाही.

तेल कुठलं लावायचं? त्यात पाणी ठेवता येईल का?

खोबरेल नको. ते कधीच सुकत नाही, धूळ धरतं आणि खवट होतं. शेंगदाण्याचंही तेच. अळशीचं तेल हवेत सुकून कडक होतं, ते पातळ हातानं दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पूर्ण सुकू देऊन. अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

लाखेचं काम पाहायचं असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत जा. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून पसरते. चन्नपट्टणला वरून केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. डब्या-करंड्यांना हे अप्रतिम दिसतं, पण पातळ भिंतीच्या भांड्यावर कांडी जोरात दाबता येत नाही.

पाणी ठेवायला ही भांडी नाहीत. वाळलेली फुलं, किल्ल्या ठेवा, नाहीतर रिकामीच ठेवा, एवढंच. अपवाद म्हणून लोक बिवळ्याच्या पेल्याचं नाव घेतात. तो कातलेला लाकडी पेलाच असतो, रात्रभर पाणी ठेवलं की पाण्याला तपकिरी रंग चढतो, उन्हात निळसर झाक मारतो. मधुमेहावर म्हणून विकला जातो. पेला मी करून देतो. मधुमेहाबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या पेल्याची भिंत जाड असते आणि तो कायमचा टिकेल अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही.

फुटलेल्या भांड्यांचं काय करू? जीव होत नाही टाकायला.

टाकू नका, पण जपूनही ठेवू नका. उभी चिरा, काठापासून बुडापर्यंत. खरं तर पहिली तीन भांडी फुटली नसली तरी चिरा. कुणी ऐकत नाही, सगळे पहिलं भांडं देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. चिरलेल्या दोन अर्ध्यांवर भिंतीची पूर्ण रेषा दिसते: खांद्याखाली जिथे ५ मि.मी. वाटलं होतं तिथे १२ निघते, पोटाशी जिथे जाड वाटत होतं तिथे ३. प्रत्येक जागेवर पेन्सिलीनं खूण करा, आणि कातताना तिथे आवाज कसा होता ते आठवतंय का बघा. माझ्या पहिल्या भांड्याचे दोन्ही अर्धे लेथच्या वर खिळ्याला टांगलेले आहेत. तळाशी भिंत पाऊण इंच जाड आहे, आणि तिथे कातताना रेडिओ चालू होता.